ऑनलाइन शिकून 'ॲक्युट केअर नर्स प्रॅक्टिशनर' होता येतं का? अमेरिकेतल्या या पदवीत नेमकं काय असतं?

'अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर व्हा, तेही ऑनलाइन शिकून.' अशा आशयाचे व्हिडिओ आणि जाहिराती नर्सिंगमधल्या अनेकांच्या मोबाइलवर येत असतात. सोबत डॉलरमधला पगाराचा आकडा असतो आणि खाली नाव नोंदवायची लिंक.

यातलं काही खरं आहे. अमेरिकेतली नामवंत विद्यापीठं हा अभ्यासक्रम ऑनलाइन चालवतात आणि त्यातून शिकलेल्या नर्स तिथल्या आयसीयूंमध्ये काम करत आहेत. पण या पदवीचा एकच भाग ऑनलाइन असतो. दुसरा भाग रुग्णाच्या खाटेशेजारी उभं राहून पूर्ण करावा लागतो आणि त्यासाठी अमेरिकेतला नर्सिंगचा परवाना हाताशी असावा लागतो. जाहिरातीत नेमकं हेच बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच.

म्हणून ही पदवी काय आहे, ती कशी शिकवली जाते आणि महाराष्ट्रातल्या एखाद्या स्टाफ नर्सने त्यासाठी पैसे भरण्याआधी काय तपासावं, हे समजून घेऊया.

नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे कोण?

अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेतलेली अशी नर्स, जी रुग्ण तपासते, निदान करते, चाचण्या सांगते आणि औषधं लिहून देते. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड ही नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी पहिला अभ्यासक्रम सुरू केला. जिथे डॉक्टर पोहोचत नाहीत अशा भागातल्या मुलांना नर्सकडून उपचार मिळावेत, हा त्यामागचा विचार होता.

म्हणजे सुरुवात झाली ती दवाखान्यातून. हॉस्पिटलच्या आत, गंभीर रुग्णांसाठी अशा नर्सची गरज पुढे जाणवू लागली. १९९५ साली ॲक्युट केअर नर्स प्रॅक्टिशनरसाठी स्वतंत्र प्रमाणपत्र परीक्षा सुरू झाली. २००३ मध्ये अमेरिकेत निवासी डॉक्टरांच्या कामावर आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली. रात्रीच्या आयसीयूत जे काम निवासी डॉक्टर करत होते, ते आता कुणी करायचं, हा प्रश्न हॉस्पिटलांपुढे उभा राहिला. त्याचं एक उत्तर म्हणून ॲक्युट केअर नर्स प्रॅक्टिशनरची मागणी वाढली.

'ॲक्युट केअर' कशाला म्हणायचं?

बऱ्याच जणांना वाटतं, हॉस्पिटलमध्ये काम केलं की ॲक्युट केअर आणि दवाखान्यात केलं की प्रायमरी केअर. अमेरिकेतली विभागणी अशी नाही. तिथे रुग्ण कुठे आहे यापेक्षा त्याची अवस्था काय आहे हे पाहिलं जातं.

एक उदाहरण घेऊ. मधुमेहाचा रुग्ण रात्री इमर्जन्सीत येतो. साखर खूप वाढलेली, रक्तात आम्ल वाढलेलं, श्वास जोरजोरात चाललेला. त्याला सलाईन किती वेगाने द्यायचं, इन्सुलिनची ड्रिप कधी लावायची, हे ठरवावं लागतं. इन्सुलिनमुळे रक्तातलं पोटॅशियम पेशींमध्ये जातं आणि त्याची पातळी घसरते. त्यामुळे ड्रिप लावण्याआधी आणि लावल्यावरही पोटॅशियम तपासत राहावं लागतं, नाहीतर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. हे सगळं ॲक्युट केअर. तोच रुग्ण बरा होऊन घरी गेला, दर तीन महिन्यांनी तपासणीला येऊ लागला, की ती प्रायमरी केअर.

अमेरिकेत २००८ साली ठरलेल्या एका राष्ट्रीय आराखड्यानुसार नर्स प्रॅक्टिशनरचं शिक्षण रुग्णगटानुसार विभागलेलं आहे: कुटुंब, प्रौढ आणि वृद्ध, मुलं, नवजात बाळं, स्त्रियांचं आरोग्य आणि मानसिक आरोग्य. यातल्या प्रौढ-वृद्ध आणि मुलं या दोन गटांचे पुन्हा दोन भाग आहेत, ॲक्युट आणि प्रायमरी. बहुतेक ऑनलाइन ॲक्युट केअर अभ्यासक्रम प्रौढ आणि वृद्ध रुग्णांसाठीचे असतात. ती पदवी घेऊन लहान मुलांच्या आयसीयूत काम करता येत नाही.

इथेच अनेकांचा घोटाळा होतो. 'फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर' हा अभ्यासक्रम सगळ्यात लोकप्रिय आहे. आयसीयूत वर्षानुवर्षं काम केलेली नर्स तो पूर्ण करते आणि मग तिला कळतं की आयसीयूतली नर्स प्रॅक्टिशनरची नोकरी या पदवीवर मिळत नाही. टेक्सससारख्या राज्यांचं नर्सिंग बोर्ड याबाबत काटेकोर आहे. तिथे आधीचा नर्सिंगचा अनुभव कितीही असला तरी नर्स प्रॅक्टिशनर म्हणून शिक्षण कशाचं झालंय, हेच धरलं जातं. मग पुन्हा एक-दीड वर्षाचा जोड अभ्यासक्रम करावा लागतो.

ऑनलाइन काय आणि समोरासमोर काय?

या पदवीचे तीन भाग समजून घ्या.

पहिला भाग थिअरीचा. यात तीन विषय सगळ्यांना सक्तीचे असतात. आजारात शरीरात काय बिघडतं हे शिकवणारं प्रगत पॅथोफिजिऑलॉजी, औषधांचं प्रगत फार्माकॉलॉजी आणि रुग्णाची डोक्यापासून पायापर्यंत तपासणी करायला शिकवणारं प्रगत फिजिकल असेसमेंट. इंग्रजीतल्या आद्याक्षरांवरून विद्यार्थी यांना 'थ्री पी' म्हणतात. त्यानंतर व्हेंटिलेटर, सेप्सिस, हृदयविकार, किडनी निकामी होणं असे ॲक्युट केअरचे विषय येतात. हा भाग खरोखर ऑनलाइन होतो. काही लेक्चर रेकॉर्ड केलेली असतात, काही वर्ग लाइव्ह असतात. आठवड्यात १२ तासांच्या तीन ड्युट्या करणाऱ्या नर्सला याचा मोठा फायदा होतो, कारण नोकरी न सोडता शिकता येतं.

दुसरा भाग हातांच्या कौशल्याचा. अनेक विद्यापीठं विद्यार्थ्यांना काही दिवसांसाठी कॅम्पसवर बोलावतात. तिथे पुतळ्यांवर श्वासनलिकेत नळी टाकणं, सोनोग्राफीच्या मदतीने सेंट्रल लाइन घालणं, टाके घालणं यांचा सराव होतो. ड्यूक आणि जॉर्जटाउन या विद्यापीठांचे ॲक्युट केअर अभ्यासक्रम असेच आहेत. वर्ग दूरस्थ, पण ठरावीक वेळा कॅम्पसवर हजेरी लागतेच.

तिसरा भाग सगळ्यात महत्त्वाचा: प्रत्यक्ष रुग्णसेवेचे तास. विद्यार्थी एखाद्या हॉस्पिटलमध्ये अनुभवी नर्स प्रॅक्टिशनर किंवा डॉक्टरच्या हाताखाली काम करतो. या मार्गदर्शकाला 'प्रिसेप्टर' म्हणतात. राउंड घेणं, नोंदी लिहिणं, उपचार सुचवणं, नातेवाइकांशी बोलणं हे सगळं त्याच्या देखरेखीखाली होतं.

किती तास लागतात?

प्रमाणपत्र परीक्षेला बसण्यासाठी अमेरिकन नर्सेस क्रेडेन्शियलिंग सेंटरची अट किमान ५०० तासांची आहे. अभ्यासक्रम कसे असावेत हे सांगणाऱ्या राष्ट्रीय मानकांनी २०२२ मध्ये ही किमान मर्यादा ७५० तासांवर नेली. पुतळ्यांवरचा किंवा संगणकावरचा सराव या थेट रुग्णसेवेच्या तासांत धरला जात नाही.

हे ७५० तास म्हणजे आठवड्याला ४० तास धरले तर साधारण १९ आठवडे. नोकरी सांभाळून आठवड्याला १६ तास दिले तर जवळपास ४७ आठवडे. 'नोकरी करत करत सहज होतं' असं कुणी म्हणालं, तर आधी हा हिशेब मांडून पाहावा. शेवटच्या वर्षात अनेक जण ड्युट्या कमी करतात आणि त्या काळात घरखर्च कसा चालवायचा याची तजवीज आधीच करून ठेवतात.

मास्टर्स पदवीला साधारण दोन ते तीन वर्षं लागतात. 'डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस' ही त्यापुढची पदवी घ्यायची असेल तर आणखी वेळ जातो. नर्स प्रॅक्टिशनरची परीक्षा द्यायला मास्टर्स पुरेशी आहे. चांगले ॲक्युट केअर अभ्यासक्रम प्रवेशाआधी आयसीयू किंवा इमर्जन्सीतला किमान एक-दोन वर्षांचा अनुभव मागतात.

प्रिसेप्टर शोधायचा कुणी?

ऑनलाइन शिकणाऱ्यांची सगळ्यात मोठी डोकेदुखी हीच. कॅम्पसवरच्या कॉलेजला स्वतःचं किंवा शेजारचं हॉस्पिटल असतं. ऑनलाइन विद्यापीठाचे विद्यार्थी मात्र देशभर विखुरलेले असतात. काही विद्यापीठं प्रत्येकाला जागा मिळवून देतात. काही ही जबाबदारी विद्यार्थ्यावर टाकतात.

मग विद्यार्थी ओळखीच्या डॉक्टरांना, जुन्या सहकाऱ्यांना, अनोळखी हॉस्पिटलांना ईमेल पाठवत राहतात. आयसीयूत जागा मुळातच कमी, त्यात त्याच जागांवर वैद्यकीय विद्यार्थी आणि निवासी डॉक्टरही असतात. पैसे घेऊन प्रिसेप्टर मिळवून देणाऱ्या कंपन्याही निघाल्या आहेत. फीमध्ये न दिसणारा हा खर्च विद्यार्थ्याच्या खिशातून जातो. जागा मिळाली नाही तर अख्खी टर्म वाया जाऊ शकते.

'प्लेसमेंटला मदत करतो' आणि 'प्लेसमेंटची जबाबदारी आमची' या दोन वाक्यांत फार मोठा फरक आहे. यातलं कोणतं वाक्य विद्यापीठ लेखी द्यायला तयार आहे, ते पाहा.

राज्य बदललं की नियम बदलतात

अमेरिकेत नर्सिंगचे परवाने राज्यं देतात. साध्या रजिस्टर्ड नर्ससाठी बऱ्याच राज्यांनी मिळून एक सामायिक परवाना आणला आहे. नर्स प्रॅक्टिशनरसाठी मात्र प्रत्येक राज्याचा वेगळा परवाना लागतो. निम्म्याहून अधिक राज्यांत त्या डॉक्टरशी करार न करता काम करू शकतात, उरलेल्या राज्यांत डॉक्टरशी लेखी करार किंवा देखरेख लागते.

ऑनलाइन शिक्षणात यातून आणखी एक गुंता होतो. विद्यापीठ एका राज्यात, विद्यार्थी दुसऱ्या राज्यात. म्हणून अनेक विद्यापीठं ठरावीक राज्यांतल्याच विद्यार्थ्यांना प्रवेश देतात. आपला अभ्यासक्रम कोणत्या राज्याच्या परवान्याच्या अटी पूर्ण करतो, हे जाहीर करणं विद्यापीठांना बंधनकारक आहे. ही यादी वेबसाइटवर असते, फक्त शोधावी लागते.

पदवीनंतर काय मिळतं?

पदवी झाली की प्रमाणपत्र परीक्षा. प्रौढांच्या ॲक्युट केअरसाठी दोन संस्था ती घेतात: अमेरिकन नर्सेस क्रेडेन्शियलिंग सेंटर आणि अमेरिकन असोसिएशन ऑफ क्रिटिकल केअर नर्सेसची प्रमाणपत्र शाखा. प्रमाणपत्राचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. मग राज्याचा परवाना मिळतो. त्यानंतर हॉस्पिटल स्वतः ठरवतं की या व्यक्तीला कोणकोणत्या प्रोसिजर करू द्यायच्या. सेंट्रल लाइन घालायला शिकलात म्हणून पहिल्या दिवसापासून ती घालू देतील असं नाही.

अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या आकडेवारीनुसार मे २०२४ मध्ये नर्स प्रॅक्टिशनरचं मध्यक वार्षिक वेतन १,२९,२१० डॉलर होतं. रजिस्टर्ड नर्सचं ९३,६०० डॉलर. मध्यक म्हणजे निम्म्या लोकांना याहून कमी, निम्म्यांना जास्त. २०२३ ते २०३३ या दहा वर्षांत नर्स प्रॅक्टिशनरच्या नोकऱ्या ४६ टक्क्यांनी वाढतील असा याच विभागाचा अंदाज होता. जाहिरातींमधला आकडा इथून येतो. पण हा पगार परवानाधारक, अमेरिकेत काम करणाऱ्या व्यक्तीचा आहे.

एवढं शिक्षण पुरेसं आहे का?

यावर अमेरिकेतच वाद आहे. डॉक्टरांच्या संघटना म्हणतात की काही शे तासांचं प्रशिक्षण आणि निवासी डॉक्टरची किमान तीन वर्षं यांची तुलना होऊ शकत नाही. २०२४ मध्ये ब्लूमबर्गने नर्स प्रॅक्टिशनरच्या शिक्षणावर सविस्तर शोधवार्ता केली. त्यात झपाट्याने वाढलेल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या दर्जावर आणि अपुऱ्या प्रत्यक्ष अनुभवावर बोट ठेवलं होतं.

दुसरी बाजूही आहे. व्हँडरबिल्टमधल्या आयसीयूत झालेला एक अभ्यास २०१६ साली 'चेस्ट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. नर्स प्रॅक्टिशनरची टीम आणि निवासी डॉक्टरांची टीम यांच्याकडे दाखल झालेल्या रुग्णांच्या ९० दिवसांनंतर जिवंत राहण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. हा निष्कर्ष वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवायची: दोन्ही टीमवर आयसीयूतल्या तज्ज्ञ डॉक्टरांची देखरेख होती.

दोन्ही बाजूंचं ज्यावर एकमत होईल असा मुद्दा हाच, की कौशल्य खाटेशेजारी तयार होतं. म्हणूनच अनेक हॉस्पिटलं नव्या नर्स प्रॅक्टिशनरसाठी साधारण वर्षभराची पगारी फेलोशिप चालवतात.

महाराष्ट्रात बसून ही पदवी घेता येईल का?

सरळ उत्तर: नाही. त्याची कारणं अशी.

प्रवेशासाठी अमेरिकेतल्या राज्याचा रजिस्टर्ड नर्सचा चालू परवाना लागतो. तो मिळवायला आधी तुमच्या भारतीय शिक्षणाची कागदपत्रं तपासली जातात आणि मग 'एनक्लेक्स-आरएन' ही परीक्षा पास व्हावी लागते. बीएस्सी नर्सिंग झालेल्यांना पुढची वाट सोपी जाते. जीएनएम झालेल्यांना बहुतेक ठिकाणी आधी पदवीच्या पातळीवर यावं लागतं.

परवाना मिळाला तरी रुग्णसेवेचे तास अमेरिकेतल्या हॉस्पिटलमध्येच करावे लागतात. तिथे प्रत्यक्ष हजर असणं आलंच.

मग स्टुडंट व्हिसावर जायचं? तिथेही अडचण आहे. एफ-१ व्हिसाच्या नियमांनुसार पूर्णवेळ शिक्षण मोजताना एका सत्रात एकच ऑनलाइन कोर्स धरला जातो. म्हणजे पूर्णपणे ऑनलाइन चालणाऱ्या पदवीच्या आधारावर हा व्हिसा मिळत नाही. नोकरीच्या वाटेने ग्रीन कार्ड घेऊन जाणाऱ्या नर्स आहेत, पण भारतीयांसाठी ती रांग अनेक वर्षांची आहे.

त्यामुळे ही ऑनलाइन पदवी खऱ्या अर्थाने उपयोगाची आहे ती अमेरिकेत आधीच नर्स म्हणून काम करणाऱ्या मराठी मुलामुलींना. त्यांच्याकडे परवाना असतो, आयसीयूतला अनुभव असतो आणि ओळखीचं हॉस्पिटलही असतं.

मग भारतात काय पर्याय आहे?

भारतात नर्सिंगचे अभ्यासक्रम ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने सुरू करायला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत मनाई आहे. त्यामुळे 'ऑनलाइन एमएस्सी नर्सिंग' देतो असं भारतातलं कुणी सांगत असेल तर तिथेच थांबा.

भारतीय नर्सिंग परिषदेने 'नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर' हा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम तयार केला आहे. बीएस्सी नर्सिंग आणि किमान एक वर्षाचा, शक्यतो क्रिटिकल केअरमधला अनुभव ही पात्रता. त्यात थिअरी सुमारे २० टक्के आणि प्रत्यक्ष रुग्णसेवा ८० टक्के असते. अमेरिकेतल्या ऑनलाइन अभ्यासक्रमाशी तुलना केली तर आयसीयूत घालवलेला वेळ इथे कितीतरी जास्त आहे.

अडचण पदवीनंतरची आहे. भारतात अशा नर्सला अमेरिकेसारखं स्वतंत्रपणे औषधं लिहून देता येत नाही. हॉस्पिटलचे प्रोटोकॉल आणि डॉक्टरांनी आधी ठरवून दिलेले आदेश यांच्या चौकटीत काम करावं लागतं. कोर्स करण्याआधी तुम्हाला जिथे नोकरी हवी आहे त्या हॉस्पिटलमध्ये असं पद आणि त्याची वेगळी वेतनश्रेणी आहे का, हे विचारून घ्या.

पैसे भरण्याआधी हे तपासा

जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या तपास यंत्रणांनी फ्लोरिडातलं एक रॅकेट उघड केलं. तीन नर्सिंग स्कूलमधून ७,६०० हून अधिक बनावट डिप्लोमा आणि गुणपत्रिका विकल्या गेल्या होत्या. शाळा मान्यता असलेल्या, कागद मात्र खोटे. ते प्रकरण नर्स प्रॅक्टिशनरचं नव्हतं, पण नर्सिंगची पदवी विकत घेणारे आणि विकणारे आहेत हे त्यातून दिसलं. म्हणून पुढचे प्रश्न विचाराच.

- अभ्यासक्रमाला सीसीएनई, एसीईएन किंवा सीएनईए यांपैकी एका संस्थेची मान्यता आहे का? हे त्या मान्यता संस्थेच्या वेबसाइटवर स्वतः पाहा.
- पदवीचं नेमकं नाव काय? 'फॅमिली', 'प्रायमरी' की 'ॲक्युट'? प्रौढांसाठी की मुलांसाठी?
- मी राहतो किंवा राहते त्या राज्यातल्या विद्यार्थ्यांना प्रवेश आहे का? तिथला परवाना या पदवीवर मिळेल का?
- थेट रुग्णसेवेचे तास किती? ७५० पेक्षा कमी असतील तर का?
- प्रिसेप्टर कोण शोधणार? लेखी द्या.
- कॅम्पसवर किती वेळा यावं लागेल आणि प्रवासाचा, राहण्याचा खर्च कुणाचा?
- गेल्या काही वर्षांत तुमचे किती टक्के विद्यार्थी प्रमाणपत्र परीक्षा पहिल्या प्रयत्नात पास झाले?

आणि समोरचा एजंट भारतातला असेल तर एक प्रश्न सगळ्यात आधी: 'माझ्याकडे अमेरिकेतला आरएन परवाना नाही, तरी प्रवेश मिळेल का?' तो 'हो' म्हणाला, तर पुढचं काही विचारायची गरज उरत नाही.